संसदेतली सेवा

आजचे वाचन : नीतिसूत्रे 31:8-9

ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही त्यांच्यासाठी बोला, असं आजचा शास्त्रभाग सांगतो. पण बोलायचं कुठे? फक्त प्रार्थनासभेत?

राजकारण घाणेरडं, विश्वासणाऱ्यानं लांबच राहावं, असं मी युवकांच्या सभेत नेहमी ऐकतो. विल्यम विल्बरफोर्स यांनाही तसंच वाटलं होतं. 1780 साली, 21व्या वर्षी, ते ब्रिटनच्या संसदेत निवडून गेले. 1785 मध्ये प्रभूने त्यांचं हृदय बदललं आणि खासदारकी सोडावी असं मनात येऊ लागलं. ते गुपचूप पाळक जॉन न्यूटन यांना भेटले. न्यूटन एकेकाळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते. त्यांनी सल्ला दिला, आहात तिथेच राहून देवाची सेवा करा.

1791 मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा त्यांचा ठराव 163 विरुद्ध 88 मतांनी पडला. पाप फक्त बाहेर नव्हतं. इंग्लंडच्या मंडळीच्या मिशन संस्थेचेच बार्बाडोसमध्ये गुलामांच्या श्रमावर चालणारे उसाचे मळे होते. तरी ते थांबले नाहीत. 1807 मध्ये 283 विरुद्ध 16 मतांनी व्यापारबंदी मंजूर झाली. गुलामगिरीच संपवणारं विधेयक मंजूर होणार हे निश्चित झाल्याचं त्यांना 1833 मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी कळलं. मंत्रिपद मात्र त्यांनी कधी भूषवलं नाही.

मला यातून एवढंच उमजतं : मंडळीसाठी खुर्ची मागायची नसते. ज्याला मतच नाही त्याच्यासाठी उभं राहायचं असतं, मग ते आपल्याच लोकांना झोंबलं तरी.

प्रभू, आम्ही जिथे आहोत तिथे आमचं तोंड उघड. आमेन.