सरासरीच्या आड दडलेली घरे

कार्ल पिअर्सन यांचा जन्म २७ मार्च १८५७ रोजी लंडनमध्ये एका वकिलाच्या घरी झाला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते १८७९ मध्ये तिसरे आले. पुढे कायदाही शिकले. पण १८८४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि तिथेच रमले.

मोजमापे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखीच पसरतात, असे तेव्हा सहसा गृहीत धरले जाई. बरीचशी आकडेवारी एका बाजूला कललेली असते, हे पिअर्सन यांनी १८९५ मध्ये गणिताने मांडले. हा कल मोजण्याची रीतही त्यांनी दिली.

कुटुंबातील मुलांची संख्या हे त्याचे सोपे उदाहरण. समजा, दहा घरे आहेत. दोन घरांत एकेक मूल, चार घरांत दोन-दोन, दोन घरांत तीन-तीन, एका घरात चार आणि एका घरात दहा. एकूण मुले ३०, म्हणजे सरासरी ३. पण सहा घरांत तीनपेक्षा कमीच मुले आहेत! घरे चढत्या क्रमाने मांडली, तर मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, २ आहे. मुलांची संख्या शून्याखाली जात नाही, वर मात्र बरीच जाऊ शकते. म्हणून एकच मोठे कुटुंब सरासरीला वर ओढते.

याच घरांकडे मुलांच्या बाजूने पाहिले, तर ३० पैकी १४ मुले दोनच घरांतली आहेत. थोड्या मोठ्या कुटुंबांतून पुढची पिढी बरीचशी घडते, हे पिअर्सन यांनीही हेरले होते. इथवर गणित बरोबर होते.

निष्कर्ष मात्र घसरला. गरिबांची मुले वाढल्याने राष्ट्राचा कस उतरेल, अशी भीती त्यांनी मांडली. गरिबी, कोंदट घरे, अपुरे अन्न यांपेक्षा त्यांनी आनुवंशिकतेला फार मोठे मानले. १९११ मध्ये ते सुप्रजननशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२५ मध्ये तर लंडनमधील स्थलांतरित ज्यू मुलांच्या सरासऱ्या पुढे करून त्यांनी त्या समाजालाच कमी लेखले.

२७ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची सूत्रे आजही आरोग्य सर्वेक्षणांत रोज वापरली जातात. पण त्यांच्याच कॉलेजाने २०२० मध्ये इमारतीवरून त्यांचे नाव उतरवले. आकडे किती घरांत किती मुले आहेत एवढेच सांगतात. ती तितकी का, हे त्या घरात जाऊनच विचारावे लागते.