अण्णा चितळकर : परका बोंगो, घरचा ताल

गणेशोत्सव आला की ढोल, ताशा, झांज आणि हलगीच्या नादाने नौबादची संध्याकाळ भरून जाते. सांस्कृतिक कार्यक्रमात ऑर्केस्ट्रा असेल तर तबलजीच्या शेजारी आणखी एक वादक दिसतो. गुडघ्यांमध्ये दोन लहान ढोल धरून तो बोटांनी झरझर ठेका धरतो. हे वाद्य म्हणजे बोंगो. सातासमुद्रापलीकडचे हे वाद्य हिंदी चित्रपटगीतात ज्यांनी दिमाखात वाजवून घेतले ते एक मराठी संगीतकार होते. सी. रामचंद्र, म्हणजेच सर्वांचे अण्णा चितळकर, यांचा जीवनपट आम्ही यंदाच्या स्मरणिकेतून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. मात्र त्यांना ओढ होती पडद्याची. ‘नागानंद’ या चित्रपटात ते नायक झाले, पण त्या वाटेने यश आले नाही. मग सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि हार्मोनियमची साथ यांवर त्यांनी दिवस काढले. संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी दिली ती तमिळ चित्रपटांनी. १९४१ चा ‘वनमोहिनी’ हा त्यांपैकी एक. मराठी माणसाची पहिली ओळख तमिळमध्ये व्हावी, याचे आम्हा सीमाभागातील लोकांना विशेष कौतुक वाटते. १९४२ मध्ये मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने त्यांना हिंदीत आणले आणि या दोन मराठी कलावंतांची जोडी जमली.

त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून जॅझचे बँड वाजत असत. त्यांत गोव्याचे वादक बहुसंख्य होते. चर्चच्या शाळांतून लहानपणीच स्वरलिपी शिकल्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत ते समोर ठेवून वाजवू शकत. चित्रपटाच्या वाद्यवृंदालाही हीच माणसे हवी होती. आल्दोना गावचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे अण्णांचे सहायक झाले. लॅटिन तालवाद्ये आपल्या चित्रपटसंगीतात रुजविणाऱ्यांमध्ये पारशी वादक कावस लॉर्ड यांचेही नाव आदराने घेतले जाते. अण्णांनी अशा मंडळींकडून मोकळ्या मनाने शिकून घेतले.

बोंगो मूळचा पूर्व क्युबातला. दोन ढोल एकमेकांना जोडलेले असतात आणि दोन्ही खालून उघडे असतात. तिकडे मोठ्या ढोलाला मादी व लहानाला नर म्हणतात. आपल्याकडे तबल्याचा लहान भाग उजव्या हाताला असतो, तर उजव्या हाताचा बोंगोवादक लहान ढोल डावीकडे ठेवतो. बोंगोला शाई नसते, त्यामुळे त्याचा आवाज घुमत नाही. तो कोरडा, टणक आणि झटकन संपणारा असतो. म्हणूनच ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीतही त्याचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. पूर्वी त्याचे कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे आणि स्वर चढविण्यासाठी ते जाळावर शेकावे लागे. आपला हलगीवालाही वाजविण्याआधी हलगी शेकून घेतो! बोंगोचा मूळ ठेका आठ ठोक्यांचा, आपला केरवाही आठ मात्रांचा. वाद्य परके असले तरी आपल्या कानाला ते फारसे परके का वाटले नाही, याचे एक कारण इथे असावे असे आम्हाला वाटते.

१९५१ साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. त्यातील ‘शोला जो भडके’ या गाण्यात अण्णांनी बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ घातला. लता मंगेशकर यांच्यासोबत ते स्वतः ‘चितळकर’ या नावाने गायले. याच चित्रपटातील एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. आणि याच ‘अलबेला’त एक अशी अंगाई आहे की ती ऐकून आजही तान्हे मूल झोपी जाते. नाचविणारा ठेका आणि निजविणारा सूर एकाच हातून आले. दोनच वर्षांनी ‘अनारकली’ने शास्त्रीय रागाची गोडी घरोघर पोहोचविली, तर १९५७ च्या ‘आशा’मधील ‘ईना मीना डीका’ने तरुणांना वेड लावले.

सगळ्यांनाच हे रुचले असे नाही. पाश्चात्त्य ठेक्याने आपले संगीत बिघडते आहे, असा आक्षेप जोरात होता. १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मग रेडिओ सिलोनची वाट धरली. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि ही गाणी सन्मानाने परत आली. मूळ प्रश्न मात्र आजही संपलेला नाही. बाहेरचे घेतले तर आपले बुडते काय?

अण्णांचा पुढचा काळ सोपा नव्हता. लताबाईंशी दुरावा आला, हातातले चित्रपट कमी होत गेले. तरीही २७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लताबाईंनी गायले, त्याची चाल अण्णांचीच होती. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतगोपाल’ त्यांनी स्वरबद्ध केले, ‘घरकुल’सारख्या मराठी चित्रपटाला संगीत दिले आणि १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वरच्या प्रश्नाचे उत्तर अण्णांच्या आयुष्यात सापडते. विनायकबुवांच्या तालमीत घरचा ताल पक्का झाला होता, म्हणून परका ठेका त्यांना वाहवून नेऊ शकला नाही. आपल्या नौबादच्या जमिनीखालची करेजच पाहा. भुयारातून पाणी आणण्याची ती विद्या बहामनी काळात इराणातून आली. आज तिला परकी कोण म्हणेल?

आम्ही घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी बोलतो. मुले इंग्रजी शाळेत जातात. त्यांनी कन्नड उत्तम शिकावे, गिटार वाजवावी, बोंगोही वाजवावा, यात आम्हाला काहीच वावगे वाटत नाही. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आरती पाठ नाही, मराठी वाचता येत नाही, टाळ कधी हातात धरलेला नाही, अशा मुलाने बाहेरचे घेतले तर ते ठेवायचे कुठे? डीजेच्या भिंतीपुढे नाचताना ताल मोजावा लागत नाही. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, या दहा दिवसांत एका संध्याकाळी मुलांना जवळ बसवून ‘अलबेला’ची गाणी ऐकवा. बोंगोचे ठोके त्यांना बोटांवर मोजू द्या. आठ भरले की त्यांच्या हाती टाळ द्या आणि आरतीला उभे करा.

गणपती बाप्पा मोरया!