इमाम गझाली आणि मकतबातील मूल



काखेत सिपारा घेऊन मकतबला निघालेली मुले आपण रोज पाहतो. काही उड्या मारीत जातात, काहींना हात धरून ओढीत न्यावे लागते. या दुसऱ्या प्रकारच्या मुलाचा विचार नऊशे वर्षांपूर्वी एका थोर आलिमने करून ठेवला आहे. ते म्हणजे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रहमतुल्लाह अलैह).

इमामसाहेबांचा जन्म इ. स. १०५८ च्या सुमारास खुरासानातील तूस येथे झाला. वडील लोकर कातून ती विकत असत, असे चरित्रकार सांगतात. आपल्याला शिकता आले नाही याची खंत त्यांना होती. मृत्यूसमयी त्यांनी जवळची थोडी पुंजी एका सूफी मित्राच्या हवाली केली आणि मुहम्मद व अहमद या आपल्या दोन्ही मुलांना शिकविण्याची विनंती केली. पुंजी लवकरच संपली. मित्रही फकीरच. त्याने मुलांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्यार्थ्यांना जेवण मिळे. पुढे जगभर कीर्ती पावलेला हा आलिम मदरशाची पायरी चढला तो असा, भाकरीसाठी! विद्येची गोडी मागाहून लागली.

पुढे निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी यांच्याजवळ त्यांचे उच्च शिक्षण झाले. इ. स. १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुदर्रिस नेमले. शेकडो विद्यार्थी, मानसन्मान, सर्व काही मिळाले. परंतु इ. स. १०९५ मध्ये एक दिवस शिकवावयास बसले असता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आपण शिकवितो ते नावलौकिकासाठी, या जाणिवेने त्यांना ग्रासले होते. पद सोडून ते दमास्कस, जेरुसलेम व मक्का-मदिनेकडे निघून गेले. मन नसलेल्या शिक्षणाचे काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

याच काळात त्यांनी 'इह्या उलूमिद्दीन' हा ४० भागांचा ग्रंथ लिहिण्यास घेतला. त्यात मुलांच्या संगोपनावर एक प्रकरण आहे. इमामसाहेब शिस्तीचे कडक. मुलाला मऊ बिछान्याची व उंची कपड्यांची सवय नको, त्याने मकतबात कुरआन शरीफ, हदीस व सत्पुरुषांच्या कथा शिकाव्यात, असे ते सांगतात. पण लगेच बजावतात की, मकतब सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा. खेळ बंद करून सदैव अभ्यासालाच जुंपले, तर त्याचे मन मरते, बुद्धी मंदावते आणि ते सुटकेच्या युक्त्या शोधू लागते.

पोट दुखते, सिपारा सापडत नाही, मौलवीसाहेब आलेच नाहीत! या युक्त्या आपल्या परिचयाच्या नाहीत काय?

याच ग्रंथात ते सांगतात की, मुलाला प्रथम चेंडू-दांडूच्या आमिषाने मकतबची ओढ लावावी. वय वाढेल तशी आमिषे बदलतात आणि शेवटी आखिरतची ओढ लागते. भाकरीसाठी मदरशात गेलेल्या माणसाला चेंडूसाठी मकतबात येणारे मूल कमी प्रतीचे वाटले नाही, यात नवल ते काय? चूक एकदा झाली तर तिकडे दुर्लक्ष करावे, वरचेवर बोल लावू नये, असेही ते सांगतात, कारण बोलण्याची सवय झाली की त्याचा परिणाम उरत नाही.

इ. स. ११०६ मध्ये ते पुन्हा निशापूरला शिकवू लागले आणि इ. स. ११११ मध्ये तूस येथेच अल्लाहला प्यारे झाले.

मी शिक्षक आहे. हातात छडी घेऊन वर्गात मीही उभा राहिलो आहे. छडीने धडा पाठ होतो, पण धड्याची ओढ लागत नाही, हा माझा अनुभव आहे. अलिफ-बेच्या अक्षरांची पत्ते-खेळासारखी जुळवाजुळव, हरफ ओळखण्याची शर्यत, सबकानंतर अर्धा तास मैदान, एवढे आपल्या मकतबात करणे अवघड नाही. कुरआन शरीफ हाती घेताना मुलाचा हात भीतीने थरथरावा की आनंदाने पुढे यावा, हे शेवटी आपणच ठरवावयाचे आहे.