शास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर

विजेरीतल्या सेलच्या आत एक काळी कांडी असते, ठाऊक आहे ना? ती कार्बनची. अशाच कांडीवर डोके लढवणाऱ्या एका मुलाची ही गोष्ट.

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबात भेरा येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. आजोळी ते वाढले. आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्यामुळे शांतिस्वरूपना दोऱ्याचे टेलिफोन, यंत्राची खेळणी, बॅटऱ्या करायचा नाद लागला.

१९११ साली, सतराव्या वर्षी, त्यांनी अलाहाबादच्या 'लीडर' वर्तमानपत्राला पत्र धाडले. उसाची मळी आणि कोळशासारखे पदार्थ दाबून व तापवून बॅटरीतल्या कार्बन-कांडीला पर्याय कसा करावा, ते त्यात लिहिले होते. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा चिकट रस. पण त्यांना त्यातही उपयोग दिसला!

विलायतेत शिकून ते १९२१ साली परतले. १९२४ पासून लाहोरला प्राध्यापक होते. रावळपिंडीकडे तेलाची विहीर खोदताना वापरायचा चिखल खाऱ्या पाण्याने घट्ट होई आणि काम अडे. भटनागरांनी त्यात आपल्याकडचा डिंक घालायला सांगितला. अडचण सुटली! कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले. ते त्यांनी विद्यापीठातल्या संशोधनाला दिले.

१९४२ साली ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. त्यांनी देशभर प्रयोगशाळा उभारल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. १ जानेवारी १९५५ रोजी ते वारले.

त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेत आज इंधन घटावर काम चालते. या घटात हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वीज होते. धूर नाही, नुसते पाणी उरते. २०२२ साली पुण्यात अशी बसही दाखवली. पण घटात प्लॅटिनम लागते आणि ते फार महाग! म्हणून तिथले शास्त्रज्ञ कार्बनमध्ये नायट्रोजन, लोखंड मिसळून स्वस्त पर्याय शोधतात. तो प्लॅटिनमइतका टिकला पाहिजे, हेच अवघड आहे. जमले तर आपल्या वसईच्या महामार्गावरचा काळा धूरही कमी होईल.

पाहा, फिरून कार्बनच कामाला आला! तेव्हा मित्रांनो, टाकाऊ वस्तू फेकण्याआधी आपणही एकदा विचार करूया.