मनगटाच्या बळावर : कै. खाशाबा जाधव

आमच्या पवईच्या घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी दिसतात. एक विठोबाची, दुसरी खाशाबा जाधवांची. दोघांनाही रोज सकाळी उदबत्ती ओवाळली जाते. लहानपणी मला वाटे की खाशाबा हेही आमचे कुणी कुलदैवतच असावे. पुढे कळले की हे दैवत कराडजवळच्या गोळेश्वर गावचे, आणि आमचे आजोबा, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, त्याच तालुक्यातले. ऐन तारुण्यात आबा पोटासाठी मुंबईला आले. पवईला कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. तलावाभोवती उंच इमारती उठल्या, रस्ते रुंदावले. पण आबांच्या बोलण्यातली कृष्णा-कोयना काही आटली नाही.

ही तसबीर मी रोज पाहत असे, पण खाशाबा मला खऱ्या अर्थाने भेटले ते गेल्या वर्षी, एका पराभवानंतर. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना होता. शेवटची चढाई. चढाईपटूचा घोटा माझ्या हातात आला होता. नुसता आलाच नव्हता, तर चांगला मुठीत बसला होता. त्याने एक हिसका दिला आणि माझी बोटे उघडली. एका गुणाने आम्ही सामना हरलो. संघातले कुणी मला काही बोलले नाही, आणि तेच मला अधिक लागले.

दुसऱ्याच दिवशी मी एका व्यायामशाळेत गेलो. तिथे मला हाताने दाबायचा एक स्प्रिंगचा चिमटा देण्यात आला आणि रोज जमेल तितका दाबत राहा असे सांगण्यात आले. मी ईर्ष्येने दिवसाला दोन-तीनशे वेळा दाबू लागलो. महिनाभरात कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ येऊ लागली की चहाचा कप उचलवेना. आबांनी ते पाहिले. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. तसबिरीकडे बोट करून त्यांनी मला समोर बसवले आणि खाशाबांची हकीकत सांगायला घेतली. पुढे मी ग्रंथालयात बसून आणखी वाचले. त्या सगळ्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर येथे झाला. पाच भावांतले ते धाकटे. वडील स्वतः मल्ल. त्यामुळे मुलाला अक्षरांच्या आधी आखाड्याची ओळख झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. ते दिवस बेचाळीसच्या चळवळीचे होते. सातारा जिल्हा धगधगत होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोचवणे अशी कामे या कुस्तीवेड्या विद्यार्थ्यानेही केली.

शाळेनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान आणि गल्लोगल्लीच्या तालमी यांमुळे या शहरात पहिलवान होणे हे शिकण्याइतकेच प्रतिष्ठेचे मानले जाई. तरीही खाशाबांना सहज प्रवेश मिळाला नाही. त्यांची चण लहान. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत भाग घेण्याची परवानगी मागायला ते गेले तेव्हा या किरकोळ मुलाला आखाड्यात उतरवायला क्रीडाशिक्षक तयार होईनात. अखेर प्राचार्यांकडे जाऊन त्यांनी परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड गड्यांना चीत करून स्पर्धा जिंकली.

लहान चणीचा मल्ल मोठ्याला पाडतो तो कशाच्या बळावर? याचे उत्तर मला आबांनी दिले. ते म्हणजे मनगट. कुस्तीत सलामी झाली की पहिली लढाई हातांची असते. कुणाचे मनगट कुणाच्या पंजात सापडते यावर पुढचा डाव ठरतो. खाशाबांचा हुकमी डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात आवळून त्याला जमिनीवर फेकायचे, असा हा डाव. फेकण्याला कंबर लागते, पाय लागतात, हे खरे. पण आवळलेला हात जर ऐन क्षणी सुटला तर कंबर आणि पाय काय करणार? माझ्या हातून सुटलेला घोटा मला आठवला आणि मी खाली मान घातली.

जुन्या तालमीत मनगटासाठी वेगळा तास नसे. तिथला सगळा दिनक्रमच मनगट घडवी. पहाटे फावड्याने हौद्यातली तांबडी माती उकरायची, म्हणजे मूठ आणि बाहू तापले. मग जोर काढायचे, म्हणजे अंगाचा भार तळव्यांवर. मुद्गल फिरवायचे, म्हणजे मनगट सगळ्या दिशांना वळले आणि वळतानाच त्याने ओझे पेलले. दोरावर चढायचे, मल्लखांबाला बिलगायचे, म्हणजे सारा देह मुठीच्या आणि मांडीच्या पकडीवर. शेवटी जोडीदाराबरोबर लढत, म्हणजे जिवंत, निसटू पाहणाऱ्या वस्तूला धरून ठेवण्याचा सराव. स्प्रिंगचा चिमटा तर निसटू पाहत नाही. तो एका जागी मुकाट्याने दाबून घेतो!

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे त्यांच्यापुढे मातीऐवजी गादी आली. हा फरक केवळ पायाखालचा नव्हता. मातीत कुस्ती चितपट होईपर्यंत चाले. गादीवर वेळ आणि गुण. मातीत घामेजलेल्या अंगावर मूठभर माती टाकली की पकड बसते. गादीवर घाम आला की अंग माशासारखे निसटते. तेथे मातीची मदत नाही, बोटांनीच सगळे निभावायचे. नियमही अनोळखी. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे थोडेफार शिकवले. अशा स्थितीत फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मायदेशी परतून त्यांनी पुढच्या चार वर्षांसाठी कंबर कसली.

१९५२ ची वाट मात्र काटेरी होती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुणदानात आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा चाचणी कुस्ती लावण्यात आली आणि ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळवली. जागा मिळाली, पण पैसे कुठून आणायचे? गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य! हे वाक्य लिहितानाही माझे हात थबकतात.

हेलसिंकी येथे खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे गाठ पडली जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा राशीद ममेदबेकोव यांच्याशी. इशीशी झालेली कुस्ती दीर्घ आणि दमवणारी होती. दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळायची ती विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने भांडायला भारताचा कुणी अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. दोन्ही लढती ते हरले. इशीला सुवर्ण, ममेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले हे पहिले वैयक्तिक पदक.

कराड स्टेशनावर ते उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या सजून उभ्या होत्या. आबा त्या वेळी दहा वर्षांचे. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती मिरवणूक पाहिली. गोळेश्वरापर्यंतची थोडक्या वेळाची वाट. तिला त्या दिवशी सात तास लागले. आबांना पदक दिसले नाही, ढोल-लेझमीच्या आवाजात कुणाचे भाषण ऐकू आले नाही. त्यांना आठवतो तो गर्दीला नमस्कार करणारा खाशाबांचा हात. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. माझ्या मते हा डाव ढाकेपेक्षा मोठा.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघा दुखावला आणि ते स्वप्न तिथेच थांबले. मनगटे शाबूत होती, पण गुडघ्याने दगा दिला. शरीर ही एक साखळी आहे, आणि ती सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट असते, हा धडा प्रत्येक खेळाडूने इथे घ्यावा.

इथे थोडे थांबून, कोपराच्या दुखण्याने मला जे शिकवले ते माझ्या खेळाडू मित्रांसाठी सांगतो. ज्या डॉक्टरांकडे आबा मला घेऊन गेले त्यांनी समजावले की बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि दोरीसारख्या शिरांनी, ज्यांना कंडरा म्हणतात, बोटे ओढतात. तळव्याकडच्या बाजूचे स्नायू मूठ मिटतात. पाठच्या बाजूचे ती उघडतात आणि मूठ आवळताना मनगट सावरून धरतात. मी रोज शेकडो वेळा मूठ आवळत होतो, म्हणजे पाठच्या स्नायूंनाही तितकाच ताण देत होतो. पण त्यांना बळ येईल असा व्यायाम आणि विश्रांती मात्र देत नव्हतो. कळ आली ती त्यांच्याच मुळाशी. शिवाय स्नायू लवकर बळावतात, कंडरा सावकाश. घाई केली की कंडरा रुसतात.

दुखणे थांबल्यावर आबांच्या देखरेखीखाली मी जो क्रम धरला तो असा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. आडव्या दांड्याला पंधरा ते वीस सेकंद लटकणे, तीन वेळा. ओला पंचा दोन्ही दिशांनी दहा-दहा वेळा पिळणे. हातभर काठीला दोरी बांधून तिच्या टोकाला वीट लटकवणे आणि काठी फिरवत वीट वर आणणे, मग तितक्याच सावकाश खाली सोडणे, तीन वेळा. हात मांडीवर टेकून, तळवा जमिनीकडे ठेवून, पाण्याने भरलेली लिटरची बाटली मनगटाने उचलणे आणि हळू खाली नेणे, पंधरा वेळा. हा पाठच्या स्नायूंसाठी. पाची बोटांभोवती रबर अडकवून बोटे फाकवणे, वीस वेळा. आणि शेवटी लाटणे एका टोकाला धरून डावीकडे-उजवीकडे वळवणे. हे मुद्गलाचे धाकटे भावंड. यात एका पैचाही खर्च नाही. दुखले तर थांबायचे, एवढाच नियम.

आता खाशाबांचा उत्तरार्ध. तो लिहिणे जड जाते. सत्तावीस वर्षे पोलीस खात्यात काढून साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. ज्यांनी देशासाठी पदक आणले त्यांचे अखेरचे दिवस ओढाताणीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. शिवछत्रपती आणि अर्जुन हे पुरस्कार त्यांना मिळाले ते मरणोत्तर, अर्जुन तर २००० साली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या कुस्ती आखाड्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, आणि कुस्तीत तर २००८. खाशाबांनी चव्वेचाळीस वर्षे एकट्याने जे धरून ठेवले होते, ते आपल्या साऱ्या देशाच्या हाताला धरता आले नाही, याची खंत वाटते.

खरी गोष्ट आता सांगतो. दिवाळीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला. जिवावरचे हातावर निभावले, पण उजव्या हाताची मूठ गेली. उदबत्तीसुद्धा धरवेना. डॉक्टरांनी स्पंजाचा चेंडू दाबायला दिला. पहिले कित्येक दिवस तो चेंडू आबांच्या तळव्यात नुसता पडून असे. मग मी माझी वीट-दोरी आणि पंचा घेऊन त्यांच्या शेजारी बसू लागलो. हवा चांगली असली की आम्ही दोघे सकाळी पवई तलावाच्या काठावर बाकावर जाऊन बसतो. मी पंचा पिळतो, आबा चेंडू दाबतात. जाणारे-येणारे कुतूहलाने पाहतात. मोजणी आबा करतात, आणि माझा एखादा आकडा चुकला तर पहिल्यापासून करायला लावतात.

यंदाही आम्ही आंतरमहाविद्यालयीन सामना जिंकलो नाही. उपान्त्य फेरीत हरलो. पण माझ्या हातातून एकही घोटा सुटला नाही. घरी येऊन मी आबांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि माझे मनगट धरले. पकड सैल होती, बोटे थरथरत होती. मला ती सहज सोडवता आली असती. मी हात तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाशाबांच्या तसबिरीला उदबत्ती आबांनी स्वतःच्या हाताने लावली.

— द्वितीय वर्ष कला