शाळा सुटलेला मुलगा

दुपारची सुट्टी झाली की खालच्या वर्गांतील मुले ताटल्या घेऊन रांगेत बसतात. शाळेत मुलांना जेवण मिळावे म्हणून फार पूर्वी झटलेल्या एका नेत्याची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव के. कामराज.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी आजच्या तामिळनाडूतील विरुदुनगर या गावी झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. घरची परिस्थिती बिकट झाली. काही वर्षांतच त्यांची शाळा सुटली आणि ते मामाच्या कापडाच्या दुकानात काम करू लागले. शिक्षण अपुरे राहिल्याची जाणीव त्यांना जन्मभर होती.

जालियनवाला बागेतील हत्याकांडाची बातमी ऐकून या तरुणाने देशकार्यात उडी घेतली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. परतताना पोलीस त्यांच्या मागावर होते. पोलिसांना चुकवून त्यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना 'भारत छोडो'चा संदेश पोहोचवला. काम पूर्ण झाल्यावर ते विरुदुनगरला गेले आणि स्वतःच पोलिसांना निरोप पाठवला! या कैदेतील काही काळ त्यांनी आपल्या महाराष्ट्रातील अमरावतीच्या तुरुंगात काढला. १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली.

१९५४ साली कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. नेतेपदाच्या निवडणुकीत सी. सुब्रमण्यम त्यांच्याविरुद्ध उभे होते. तरीही कामराज यांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतले. मनात राग न ठेवता योग्य माणसाला काम देणे, हा त्यांचा स्वभाव होता.

गरिबांची मुले शाळेत का येत नाहीत, हे कामराज यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. उपाशी पोटी अभ्यास होत नाही आणि घरी खायला नसेल तर मूल कामाला जाते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडल्या, खेड्यापाड्यांत नव्या शाळा काढल्या आणि शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. या कामाला गावकऱ्यांनीही हातभार लावला. पुढे १९९५ साली केंद्र सरकारने देशभरासाठी अशी योजना आणली.

मुख्यमंत्री असूनही त्यांची राहणी साधीच होती. विरुदुनगरला त्यांच्या आईच्या घरी नगरपालिकेने खास नळ जोडून दिला, तेव्हा त्यांनी तो काढायला लावला, असे सांगतात. इतर लोक सार्वजनिक नळावर पाणी भरत असताना आपल्या आईला वेगळी सवलत नको, असे त्यांना वाटले.

१९६३ साली पक्षाच्या कामासाठी त्यांनी मुख्यमंत्रिपद आपणहून सोडले. ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९६७ च्या निवडणुकीत मात्र एका तरुण विद्यार्थी नेत्याने विरुदुनगरमध्येच त्यांचा पराभव केला. कामराज यांनी तो पराभव शांतपणे स्वीकारला आणि आपले काम चालू ठेवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. १९७६ साली त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' किताब देण्यात आला. त्यांनी मागे धनदौलत ठेवली नाही. पण ज्यांची शाळा सुटली असती, अशी लाखो मुले त्यांच्यामुळे वर्गात बसली.