विश्वप्रसरणाचे आद्य प्रवक्ते : झॉर्झ लमेत्र

शोध लावणे ही एक गोष्ट आणि त्या शोधाचे श्रेय पदरी पडणे ही दुसरी. ह्या दोहोंमध्ये केवढे अंतर पडू शकते, हे बेल्जियमचे विश्वरचनाशास्त्रज्ञ झॉर्झ लमेत्र यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी शार्लर्वा येथे झाला. लूव्हाँ विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यास आरंभिला. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटताच ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. युद्धानंतर त्यांचे मन गणिताकडे व धर्माकडे वळले. १९२० मध्ये त्यांनी गणितातील डॉक्टरेट संपादन केली व १९२३ मध्ये कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. पुढे केंब्रिजला एडिंग्टन यांच्यापाशी आणि हार्वर्ड वेधशाळेत शॅप्ली यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले. १९२५ मध्ये ते लूव्हाँ येथे अध्यापक म्हणून रुजू झाले.

१९२७ साली त्यांनी आपला युगप्रवर्तक निबंध प्रसिद्ध केला. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांवरून विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे, आणि दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक, असे त्यांनी त्यात दाखविले. उपलब्ध वेधांवरून त्यांनी प्रसरणाचा दरही काढला : सुमारे ३३ लक्ष प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला ६२५ किलोमीटर. आजच्या मापनाप्रमाणे हा आकडा ७० च्या आसपास येतो. कारण त्या काळी दीर्घिकांची अंतरे फार कमी गणली जात. परंतु विचारसरणी निर्दोष होती. दुर्दैवाने हा निबंध फ्रेंच भाषेत, ब्रुसेल्सच्या एका विज्ञानसंस्थेच्या वार्षिकात छापला गेला. तो फारसा कोणी वाचला नाही. त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे भेट झाली असता आइन्स्टाइन यांनी त्यातील गणित मान्य केले, पण प्रसरणाची कल्पना झिडकारली.

१९२९ मध्ये अमेरिकेच्या हबल यांनी वेग व अंतर यांचा हाच संबंध प्रत्यक्ष वेधांनी मांडला आणि तो नियम त्यांच्या नावाने रूढ झाला. एडिंग्टन यांना आपल्या शिष्याच्या कार्याचे महत्त्व १९३० मध्ये उमगले. त्यांच्या पुढाकाराने १९३१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात निबंधाचे इंग्रजी भाषांतर आले. मात्र प्रसरणाच्या दराचे विवेचन त्यातून गळले होते. हे कोणी मुद्दाम गाळले काय, अशी शंका पुढे घेतली गेली. २०११ मध्ये मारिओ लिव्हिओ यांनी सोसायटीच्या दप्तरातील लमेत्र यांचे पत्र उजेडात आणले, तेव्हा उलगडा झाला. भाषांतर स्वतः लमेत्र यांनीच केले होते आणि नवे वेध उपलब्ध झाल्यामुळे आपले जुने आकडे पुन्हा छापण्यात अर्थ नाही, असे मानून तो भाग त्यांनीच वगळला होता !

१९३१ मध्येच ‘नेचर’मधील एका छोटेखानी पत्रात त्यांनी विश्वाचा आरंभ एका आदिअणूपासून झाला असावा, अशी कल्पना मांडली. आजच्या महास्फोट सिद्धांताचे बीज तेच होय. १९४८ नंतर स्थिर स्थिती सिद्धांत प्रतिपक्ष म्हणून उभा राहिला. त्याचे एक प्रणेते हॉइल यांचे सहकारी पुढे आपले जयंत नारळीकर झाले. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी ह्या नव्या विज्ञानात सृष्टिनिर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा धर्मगुरू असूनही लमेत्र यांना ते रुचले नाही. श्रद्धा आणि विज्ञान यांचे मार्ग स्वतंत्र आहेत, अशी त्यांची धारणा होती.

१९६५ मध्ये विश्वाच्या प्रारंभीच्या उष्णतेचा अवशेष असलेले सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. रुग्णशय्येवर असलेल्या लमेत्र यांना ही वार्ता कळली आणि २० जून १९६६ रोजी ते निवर्तले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने त्या नियमास हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस केली. निबंध छापल्यास तेव्हा ९१ वर्षे झाली होती.

श्रेयासाठी त्यांनी कधी भांडण मांडले नाही. आपल्याहून चांगले वेध उपलब्ध होताच स्वतःचे आकडे त्यांनी निःशंकपणे बाजूस सारले. विद्येची उपासना करणाऱ्या तरुणांनी त्यांच्यापासून बुद्धिमत्तेइतकीच ही निरपेक्ष वृत्तीही घ्यावी.